उजव्या डोळ्यासाठी पाला

१४ डिसेंबर, रविवार. शेवग्याचा पाला निवडायचा होता.

ज्याने हा पाला कधी निवडलेला नाही, त्याने त्याचे गुण सांगू नयेत असा नियमच करायला हवा. पान नखाएवढं, देठ दोऱ्याएवढा, आणि देठ राहिला तर तो घशात टोचतो. घाईने ओरबाडलं तर काड्या मोडून पाल्यात मिसळतात. म्हणून एकेक डहाळी शेंड्याकडून धरायची, चिमटीतून उलटी ओढायची, मग सगळं पेपरवर पसरून पिवळी पानं, कोळ्यांची जाळी, किडे वेगळे काढायचे. भली मोठी पिशवी निवडून संपली की कढईत वाटीभर भाजी होते, मिक्सरमध्ये वाटीभर रस. दिवाळीनंतरचे माझे सगळे रविवार त्या वाटीत गेले होते.

सोमवार ते शनिवार मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आलेला माल उघडून बघितल्याशिवाय मी सही करत नाही. चलनावर एक आणि खोक्यात दुसरं निघालं तर टेम्पो तसाच परत जातो, ड्रायव्हरने कितीही 'मॅडम, प्लीज' केलं तरी. घरी मात्र दारात जे येईल ते उतरवून घ्यावं लागतं. त्या रविवारीही पिशवी आली आणि मी ती उतरवून घेतली.

पाला सासूबाईंच्या डोळ्यांसाठी होता.

सासूबाई तळवलीच्या. घणसोलीतल्या आमच्या इमारतीपासून तळवली इतकी जवळ की रिक्षावाले यायला कुरकुर करतात. तिथे त्यांचं स्वतःचं बैठं घर आहे. पुढे ओटा, मागे शेवगा, आणि लागूनच माझ्या मोठ्या दिरांचं दोन मजली घर. तरी सासूबाईंची चूल वेगळी आणि किल्लीही वेगळी. छपराचं काम काढलं म्हणून त्या पावसाळ्याआधी महिनाभरासाठी आमच्याकडे आल्या आणि डोळ्यांमुळे अडकल्या. आमच्या गॅलरीतून गावातली पाण्याची टाकी दिसते. टाकीच्या डाव्या अंगाला त्यांचं नवं निळं छप्पर. त्या रोज सकाळी गॅलरीत उभ्या राहून ते जागेवर आहे याची खात्री करून घ्यायच्या.

डोळ्यांचं प्रकरण टाइलपासून सुरू झालं. खालच्या मजल्यावर गळती होते म्हणून आम्ही बाथरूम नव्याने करून घेतलं होतं. सासूबाई पहिल्याच दिवशी अंघोळ करून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "टायल वाकरी लावलीय. त्याला पैसे देव नको."

नवरा मातृभक्त. त्याने मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध आला. सासूबाई म्हणाल्या, "तुजी नलीच वाकरी हाय." मग दुसरी लेव्हल आली. मग शेजारचे निवृत्त इंजिनियर येऊन बघून गेले. शेवटी मिस्त्रीने कंटाळून नळामागची एक ओळ काढून पुन्हा बसवून दिली, तरी ती वाकडीच. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी ऑफिसातून येऊन भाकरी करायची आणि जेवताना टाइलवर चर्चा.

एके दिवशी अंघोळ करताना सासूबाईंच्या डाव्या डोळ्यात साबण गेला. त्यांनी तो डोळा घट्ट मिटला आणि समोरच्या टाइल सरळ झाल्या. उघडला, वाकड्या. मिटला, सरळ. त्या ओल्या अंगाने, लुगडं कसंबसं गुंडाळून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्रीला बोलव. त्याची माफी मांगाची हाय."

मिस्त्रीला नंतर बोलावलं. आधी डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलो, पण डाव्या डोळ्याला उशीर झाला होता. म्हातारपणात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. डाव्या डोळ्यात त्या झिजलेल्या जागी नको त्या रक्तवाहिन्या फुटून पाणी झिरपलं होतं. इंजेक्शनं झाली, झिरपणं थांबलं, पण मधला डाग राहिला तो राहिलाच. उजवा डोळा मिटून त्यांनी माझ्याकडे बघितलं तर त्यांना माझे दोन कान दिसतात आणि तोंडाच्या जागी धूर. हे मला सांगून त्या वर म्हणाल्या, "बरा झाला. सकालीसकाली तुजा तोंड बघाया नको."

उजव्या डोळ्यात तेव्हा फक्त पिवळे ठिपके होते. तो डोळा चांगला होता. आता जे काय करायचं ते त्याच्यासाठी, असं डॉक्टर म्हणाल्या. डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, पण नीट बोलणारी. तिने चित्र काढून समजावलं. पडद्यावर जन्मभर उजेड पडतो, त्याने आतल्या आत झीज होते. हिरव्या पालेभाज्यांत एक पिवळं रंगद्रव्यही असतं, हिरव्याखाली झाकलेलं. ते खाण्यातून पोटात आणि तिथून रक्तातून पडद्याच्या नेमक्या मधल्या भागात जाऊन साठतं, उजेडाचा मारा थोडा गाळतं, झीज थोडी आवरते. "आतून लावलेला गॉगल समजा," ती म्हणाली. "पण गेलेलं परत येत नाही, आणि पाल्याने आजार थांबेलच असंही नाही. हळू होईल, एवढंच. पालेभाजी खा. उन्हात गॉगल लावा. आणि रोज एकेक डोळा झाकून हा कागद बघा. रेघ वाकली की त्याच दिवशी फोन. पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. लगेच आलात तर डोळा वाचवता येतो."

कागदावर बारीक चौकड्या होत्या आणि मधोमध टिंब.

मग तिने विचारलं, "विडी, सिगारेट, तंबाखू?"

नवऱ्याने छाती पुढे काढली. "आमच्या घरात कोणी हातसुद्धा लावत नाही."

सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली.

"छान," डॉक्टर म्हणाली. "डोळ्याला सगळ्यात वाईट तेच. आणि गोळी कुठली द्यायची तेही त्यावरच ठरतं, तंबाखूवाल्यांना काही गोळ्या चालत नाहीत." तिने गोळी लिहिली.

एवढ्या साध्या सांगण्याचं माझ्या नवऱ्याने जे केलं त्याला तोड नाही. डॉक्टरने पालेभाजी म्हटलं होतं, त्याने रस ऐकलं. त्या रात्रीपासून तो मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागला. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द त्याच्या तोंडात असा बसला की तो भाजीवाल्यालासुद्धा विचारायचा, "याच्यात अँटिऑक्सिडंट किती?" भाजीवाला म्हणायचा, "साहेब, ताजं आहे." सकाळी पालकाचा रस, दहा वाजता गव्हांकुर, दुपारी शेवगा, संध्याकाळी कढीपत्ता आणि गाजर. कुणीतरी सांगितलं की ती गोळी म्हणे झेंडूपासून करतात, तर दसऱ्याच्या तोरणाचा उरलेला झेंडू गॅलरीत पेपरवर वाळत पडला. मुंग्या आल्या तेव्हा कुठे तो बाहेर गेला.

मिक्सर कोण धुणार, चोथा कोण गाळणार, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. फ्रिज उघडला की पानं अंगावर यायची, दूध ठेवायला जागा नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, भाजी करून खायला सांगितलंय. रस करून, गाळून, चोथा टाकून काय उरतं?"

"कच्च्यात जास्त असतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळे सांगतात."

सगळे म्हणजे एक दाढीवाला माणूस, जो प्रत्येक व्हिडिओत एकाच झाडासमोर उभा असायचा.

डॉक्टरने दिलेला चौकड्यांचा कागद मी फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. पहिले काही दिवस सासूबाई रोज त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग नवऱ्याने रसांचं वेळापत्रक छापून आणलं, रंगीत, आणि फ्रिजच्या दारावर दुसरीकडे जागा नाही म्हणून त्या कागदावरच चिकटवलं. मी ते काढून बाजूला लावायचे, तो परत वर लावायचा. शेवटी मीही सोडून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "मना कागद नको. माजी टायल हाय की." आणि त्या अंघोळीला गेल्या की एकेक डोळा मिटून नळामागची ओळ बघायच्या. मिस्त्रीने पुन्हा बसवलेली तीच. मला ते पटलं. कागद काय आणि टाइल काय, सरळ रेघ असल्याशी मतलब.

त्यांना घरी जायचं होतं. माघात गावची जत्रा असते, त्याआधी. तपासणीत उजवा डोळा ठीक निघाला तर जाऊ देऊ, असं ठरलं होतं. एक डोळा धड असेल तर त्या एकट्या चूल पेटवू शकतात, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाक मारू शकतात. तो गेला तर कायमचं आमच्या सातव्या मजल्यावर, कुणीतरी हात धरून नेईल तेव्हा संडासला. त्यांना जायचं होतं आणि मलाही त्या जायला हव्या होत्या. यात वाईट काही नाही. दोन बायकांना आपापलं स्वयंपाकघर हवं असतं. उजवा डोळा टिकावा अशी माझी इच्छा त्यांच्याइतकीच होती आणि कारणही जवळपास तेच होतं.

तर तो रविवार. जाऊबाई दुपारी पिशवी घेऊन आल्या आणि पाय पसरून माझ्याशेजारी बसल्या. हात मात्र पाल्याला लावला नाही. त्यांच्या मते शहरात राहणाऱ्या बायकांना कामाचा सराव हवा. नवरा सोफ्यावर, कानात इअरफोन. सासूबाई गॅलरीत खुर्चीवर. मार्गशीर्ष चालू होता, त्यामुळे घरात मासळी नाही आणि सगळ्यांचीच तोंडं जरा आंबलेली.

"आई बऱ्या दिसतात," जाऊबाई म्हणाल्या. "आपले झाडाचा गुन हाय."

"इंजेक्शनांचा गुण आहे."

"तू ना, कुनाला चांगला म्हनू नको."

"चांगलं म्हणते. आधी डहाळ्या धरा."

त्या हसल्या आणि चहाचं विचारलं. मी म्हटलं, पिशवी संपली की. तेवढ्यात सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "आनलंस का गो माजा?"

"आनलाय, आनलाय. पिशवीन हाय," जाऊबाई म्हणाल्या.

मला वाटलं वड्या किंवा पापड असतील. वरचा पाला काढत काढत मी तळाशी गेले. तिथे वर्तमानपत्रात बांधलेली पुडी होती, दोऱ्याने आवळलेली. पाल्याची ओल लागून कागद फाटला होता आणि आतून तपकिरी पानं डोकावत होती. मी सोडून बघितली, वास घेतला. तंबाखू. सबंध पानं, जाड शिरांची, पावभर तरी.

"हे काय आहे?"

"आईंची मशेरी," जाऊबाई म्हणाल्या. "दर खेपी मीच भाजून देतंय. आता मना खोकला झालाय, धूर सोसत नाय. म्हटला, तू भाज. लोखंडी तव्यावर काली होवस्तर भाजाची, मग पाट्यावर—"

"मशेरी कशी करतात ते मला माहीत आहे."

माहीत होतंच. आमच्याकडे माझी आजी लावायची. सासूबाईंची पितळी डबी आमच्या बाथरूमच्या फळीवर पेस्टच्या शेजारीच असते. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी दिवेलागणीला त्या डबीतून काळी पूड चिमटीने घेतात, बोटाने हिरड्यांवर चोळतात आणि मग बराच वेळ गॅलरीत बसून राहतात, तोंड मिटून. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं. हे या घरात इतकं नेहमीचं की डॉक्टरने तंबाखू विचारली तेव्हा आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर चुना मळणारा कुणी बाप्या आला, नाहीतर टपरीवरची पुडी. फळीवरची डबी आली नाही. तिघांनी नाही म्हटलं ते खरं समजून म्हटलं.

मी पुडी उचलली आणि नवऱ्याच्या कानातला इअरफोन काढला.

"डॉक्टरने काय विचारलं होतं?"

"कधी?"

"तंबाखू घेता का, म्हणून. तुम्ही काय सांगितलंत?"

त्याने पुडीकडे बघितलं. "अगं, ती मशेरी आहे."

"मशेरी कशाची करतात? चंदनाची?"

"दात घासायची आहे ती. आई काय गिळते का?"

"तासभर तोंडात धरून बसतात त्या. आणि भाजताना घरभर होतो तो धूर कुठे जातो? आत्ताच तुमच्या वहिनी म्हणाल्या, मला सोसत नाही."

"माजा खोकला थंडीचा हाय," जाऊबाई घाईघाईने म्हणाल्या. "आनि आमचे गावान सगल्या म्हाताऱ्या लावतान. त्यांचे डोले काय गेले का?"

"किती जणींचे गेले?"

त्या बोटांवर मोजत मनाशी पुटपुटल्या, "कोपऱ्यावरच्या आत्याचा गेला... आनि ती मागच्या गल्लीची... पन तिचा साखरेनी गेला."

नवरा उभा राहिला. "तू उगाच बाऊ करतेस. सत्तर वर्षांची सवय आहे. मशेरी नाही लावली तर तिचं पोट साफ होत नाही, डोकं दुखतं. तू इतकी वर्षं बघतेस ना?"

"म्हणूनच सांगते. दात घासायची वस्तू एक दिवस नाही वापरली तर डोकं दुखतं का? तुमचं पेस्टशिवाय दुखतं?"

माझा संताप डोक्यात गेला होता. सकाळी पालक, दुपारी शेवगा, संध्याकाळी कढीपत्ता. माझे रविवार, माझा मिक्सर, माझा फ्रिज. आणि प्रत्येक रसानंतर तोंड कडू झालं म्हणून सासूबाई एक चिमूट मशेरी जास्त लावायच्या. एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं, आणि भरणारीने सांडलेलंही पुसायचं. गोळीसुद्धा तंबाखू नाही हे गृहीत धरून लिहिलेली.

"मी आत्ता डॉक्टरला फोन करते," मी म्हटलं.

"नको," सासूबाई म्हणाल्या.

त्या गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. कधी उठून आल्या कळलं नाही.

"आई, रागवणार नाही ती. फक्त सांगायचंय."

"फोन नको करू. ती बोलवील."

"बोलावू दे. परवा तपासणी आहेच."

"परवा पन नको." त्यांनी दाराची चौकट धरली. "मना घरी जावाचा हाय."

मला क्षणभर कळेना की मशेरीचा आणि घरी जाण्याचा काय संबंध. मग मला गुरुवार आठवला. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मी मांडली होती, ऑफिसला जायच्या आधी, घाईत. सासूबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "कलश तिरका मांडलास." मी सरळ केला. "आजून तिरका." मी पुन्हा केला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, आई, मला उशीर होतोय, लक्ष्मीला चालेल. त्या गप्प झाल्या होत्या. पुढे दिवसभरही गप्पच होत्या, आणि मला वाटलं रुसल्या.

"आई," मी म्हटलं, "गुरुवारचा कलश."

"सरल व्हता," त्या म्हणाल्या. "तू सरल मांडलावतास."

"उजव्या डोळ्याने तिरका दिसला?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "टायल पन. नलाच्या मागं. जराशीच वाकते. मी म्हटला, जत्रा होव दे. मग सांगीन."

जाऊबाईंनी तोंडावर हात घेतला. नवरा सोफ्यावर बसला तो बसलाच. अँटिऑक्सिडंट तोंडातून निघेना.

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, म्हाताऱ्या बाईवर मी चांगलीच ओरडले. गुरुवारपासून रविवार! एका डोळ्याच्या वेळी आपण टाइलला दोष देत महिना घालवला, आता दुसऱ्याच्या वेळी जत्रेची वाट बघत घालवायचा? डोळा गेला तर जत्रेत काय बघणार, धूर? सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "झाला? आता फोन कर."

रविवारी फोन उचलणाऱ्या मुलीने सगळं लिहून घेतलं आणि सकाळी उघडताक्षणी या म्हणाली. फोन ठेवून मी फ्रिजवरचं रंगीत वेळापत्रक काढलं. खालचा चौकड्यांचा कागद गोंदाने चिकटून अर्धा फाटला. नवरा म्हणाला, "मी दुसरा छापून आणतो." मी म्हटलं, "चौकड्यांचाच आणा."

संध्याकाळी सासूबाई दिवा लावून बाथरूमकडे वळल्या. फळीकडे हात गेला आणि तिथेच थांबला. डबी मी काढून घेतली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक कानांकडे, आणि तशाच परतल्या. निवडलेल्या पाल्याची मी लसूण, मिरची आणि चांगलं सढळ तेल घालून भाजी केली. त्यांनी दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली. "ही बरी," त्या म्हणाल्या. "तो हिरवा पानी गुरांना देवाचा."

सोमवारी सकाळी मी कारखान्यात फोन करून रजा टाकली. मिक्सर काढला नाही. पुडी आणि डबी पर्समध्ये घातली. रिक्षात सासूबाई कपाळ धरून बसल्या होत्या.

"डोकं दुखतंय?"

"फुटतंय. पोट पन तसाच."

"ते मी डॉक्टरला सांगणार आहे."

"सगला सांग. काय ठेवू नको," त्या म्हणाल्या आणि तोंड रस्त्याकडे वळवलं.

हॉस्पिटलात त्यांच्या डोळ्यात थेंब घातले, मशीनसमोर हनुवटी ठेवायला लावली, आणि मग आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरने काही विचारायच्या आत मी पुडी आणि डबी तिच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुम्ही तंबाखू विचारली होती. आम्ही नाही म्हणालो. ही ती. दिवसातून तीनदा, सत्तर वर्षं. घरी भाजतात, धूर होतो."

तिने पेनाच्या टोकाने डबीचं झाकण उघडलं, वास घेऊन तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "विडी-सिगारेटचं पक्कं माहीत आहे, डोळ्याचा पडदा जातो. मशेरीचं तेवढं खात्रीने मी नाही सांगू शकत. पण ही तंबाखूच आहे आणि धूरही आहे. मी आधी विचारलं असतं तरी तुम्ही नाहीच म्हणाला असता. आता मशेरी म्हणूनच विचारत जाईन सगळ्या आज्यांना." गोळीची चिठ्ठी तिने परत मागून घेतली आणि तंबाखूवर ती गोळी चालेल का ते तपासून बघितलं.

उजव्या डोळ्यात झिरपणं सुरू झालं होतं, जेमतेम. इंजेक्शन आजच, ती म्हणाली, आणि पुढची तिच्या सांगण्याप्रमाणे. उद्याच्या तारखेवर ढकललं नाहीत हे बरं केलंत. मग खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसली. "आजी, ही बंद. एकदम नाही जमलं तर खाली एक ताई बसतात, तंबाखू सोडवायला मदत करतात. त्यांच्याकडे जायचं."

"जत्रेला जाव का?"

"डोळा ऐकतो का ते बघू. ऐकला तर मीच सांगेन जा म्हणून."

सासूबाईंनी विचार केला. "बरा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "डबी टाकू नको. माजे सासूची हाय."

त्यांना हिरवा झगा घालून आत नेलं. मी पुडी हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, डबी त्याच डब्यावर उलटी करून झटकली आणि बायकांच्या बाथरूममध्ये साबणाने तीनदा धुतली. वास गेला नाही. ओली डबी रुमालात गुंडाळून बाकावर बसले आणि जाऊबाईंना फोन लावला.

"कशा हायत आई?"

"आत आहेत. इंजेक्शन चालू आहे. संध्याकाळी येऊन बघून जा. आणि रविवारी पाला पाठवा. शेवगा, माठ, जो असेल तो."

"पाठवतंय. आनि काय?"

"आणि काही नाही. पिशवीत फक्त पाला," मी म्हटलं. "मी दारातच उघडून बघणार आहे."